यॉर्कशायरची शिडी

छप्पर नसलेली इमारत तिकीट काढून बघायची, हे मला आजही पटलेलं नाही. मुलगा नोकरीसाठी इंग्लंडात, यॉर्कशायर परगण्यात राहतो. मी निवृत्त झाल्यापासून त्याचं "या, या" चालू होतं. शेवटी गेल्या उन्हाळ्यात मी आणि बायको दोन महिने जाऊन आलो. दर रविवारी तो आम्हाला गाडीत घालून कुठला तरी किल्ला नाहीतर पडका मठ दाखवायचा. "बाबा, शेकडो वर्षं जुना आहे!" मी म्हणायचो, "मग एवढ्या वर्षांत कौलं घालायला कुणाला सवड झाली नाही होय?" आमच्या भिवपुरीजवळच्या खाचरातून माथेरानची अख्खी कड दिसते, ती फुकटात.

असाच एक मठ बघून झाला आणि मुलगा म्हणाला, "इथून किल्ल्यापर्यंत चालत जाऊ." पुढे बिनचुन्याची दगडी भिंत होती, आपल्याकडच्या गडग्यासारखी. तिच्यावर दोन्ही बाजूंनी चढायला-उतरायला लाकडी पायऱ्या ठोकलेल्या. पलीकडे गुडघ्याएवढा हिरवागार गहू, आणि त्या गव्हाच्या बरोब्बर मधून एक पायवाट.

मी पहिल्याच पायरीवर थांबलो. "उभ्या पिकातून? मी नाही येणार. मालक बोंबलत येईल."

"अहो बाबा, वाटच आहे ही. कुणीही जातं."

बायको पुटपुटली, "सगळे काय तुमच्यासारखे असतात?"

हा टोमणा मला कुठे लागला ते सांगायला हवं. गावात माझं घर आणि माझ्या चुलतभावाचं घर यांच्यामध्ये माझी दोन खाचरं आहेत. बांधावरून चाललं की ऐंशी पावलांत तिकडे. भाऊ आता नाही, पण वहिनी आहे. ती लग्न होऊन आली तेव्हा मी दुसरीत होतो आणि माझी आई नुकतीच गेली होती. माझी वेणीफणी सोडली तर बाकी सगळं तिने केलं. पुढे माझं लग्न झालं, मुलगा झाला, तरी आठवड्यातून एकदा त्या बांधावरून ती वालाच्या बिरड्याचा टोप घेऊन यायचीच.

सहा वर्षांपूर्वी तिच्या मुलाने, म्हणजे माझ्या पुतण्याने, नांगरणीचा टिलर नेताना माझा बांध फोडला. खाचरातलं पाणी वाहून गेलं, नुकती लावलेली रोपं पिवळी पडली. मी त्याला बोललो, तो मला उलटून बोलला. दुसऱ्या दिवशी मी बांधावर खांब रोवले आणि काटेरी तार मारली. आता वहिनीला यायचं तर शाळेमागून, ओढ्यावरच्या साकवावरून, चढ चढून यावं लागणार. तिचे गुडघे तेव्हाच गेलेले. ती आली नाही, मी गेलो नाही. आदल्या आठवड्यात आलेला तिचा टोप आमच्याच स्वयंपाकघरात राहिला. बायको तो दर दिवाळीला घासायची आणि माझ्या डोळ्यांसमोर ठेवायची.

तर यॉर्कशायरच्या त्या गव्हात आम्ही निम्म्यावर आलो आणि समोरून ट्रॅक्टर आला. लालबुंद चेहऱ्याचा धिप्पाड शेतकरी. तो आता काय बोलणार, ते मला तोंडपाठ होतं, कारण तीच वाक्यं मी बोललो होतो. मी आधीच हात जोडून उभा राहिलो. तो हसला, मुलाशी इंग्रजीत दोन शब्द बोलला आणि निघून गेला.

मुलगा म्हणाला, "सांगतोय, पुढच्या कुरणात बैल आहे, पण गरीब आहे. तुमचं पागोटं आवडलं म्हणे." पागोटं नव्हतं ते, थंडीसाठी बांधलेला पंचा होता. मी विचारलं, "आणि वाटेबद्दल?" "मी विचारलं. म्हणाला, मी जन्मलो तेव्हा होतीच."

आमचीही होतीच की! माझ्या बापाच्या आधीपासून. किल्ल्यावर मी काय पाहिलं ते देवाला ठाऊक. फोटोत मी सगळीकडे किल्ल्याकडे पाठ करून त्या शेताकडे बघतोय. माझीच मला लाज वाटत होती.

पण लाज वाटली म्हणून अक्कल येतेच असं नाही. भात कापून झाल्यावर मी सुताराला बोलावलं आणि तिकडच्या त्या भिंतीवरच्या पायऱ्यांचा फोटो दाखवला. तारेला हात लावायचा नाही, वरून अशी शिडी बसवायची. तार काढली असती तर गाव म्हणालं असतं, म्हातारा नमला. सुतार डोकं खाजवत म्हणाला, "काका, साधं फाटक करू ना?" बायकोही तेच म्हणाली. मी म्हणालो, "तुम्हाला काय कळतंय? जगात असंच करतात." ऐनाच्या लाकडाच्या तीन पायऱ्या वर, तीन खाली. झकास झाली.

मग तारेपाशी उभा राहून हाक मारली, "वैनी! अगं ये, वाट केलीय!"

 मग काठी टेकत ती आली. सहा वर्षांत इतकीशी झाली होती. मागे त्यांच्या ओटीवर पुतण्या हाताची घडी घालून उभा. ती म्हणाली, "माजा टोप न्यायला आलेय." मग शिडीकडे बघितलं. काठी तारेला लावली, पदर खोचला, पाय उचलला. पायरीपर्यंत पोचला नाही. पुन्हा उचलला. पुन्हा नाही.

लोकांसमोर मला 'भावजी' म्हणणारी ही बाई चिडली की 'रं'वर येते.

"अरं, गुडघ्यापायी मी साकवावरनं आले नाय, आनि तू मला माथेरान चढाया लावतोस व्हय रं? तार काढाया काय तुजा हात मोडला व्हता?"

मागे बायको खो-खो हसत सुटली. शेजारच्या बांधावरची माणसंही. मग मलाच हसू आवरेना. घरात धावलो, पक्कड आणली आणि तार तोडायला लागलो. चार तारा तोडून मान वर केली तर दुसऱ्या टोकाकडून पुतण्या स्वतःची पक्कड घेऊन तार तोडत येत होता. शिडीपाशी आम्ही समोरासमोर आलो तेव्हा म्हणाला, "काका, तवा चूक माजीच व्हती. ही शिडी काढू का?"

पण शिडीवर वहिनी बसली होती. खालच्या पायरीवर, पाय पसरून, ऐसपैस. "ऱ्हाऊ दे. टेकायला बरी हाय."

बायको टोप घेऊन आली. रिकामा कसा द्यायचा, म्हणून यॉर्कशायरहून आणलेली बिस्किटं भरलेली. वहिनीने एक खाल्लं आणि तोंड वाकडं केलं. "ह्यासाटी इमानात बसून गेलावता?"

दुसऱ्या दिवशी त्याच टोपात बिरडं आलं. सहा वर्षांनी ती चव जिभेवर आली आणि मी ताटावर बसून रडलो. खोटं कशाला सांगू? बायकोने बघितलं न बघितल्यासारखं केलं.

शिडी अजून तिथेच आहे, दोन्ही बाजूंना मोकळा बांध. शनिवार-रविवारी मुंबईची मंडळी गाडी थांबवून तिचे फोटो काढतात आणि विचारतात, "काका, हे काय आहे?" मी सांगतो, "ऐतिहासिक स्थळ." पायरीवर बसलेली वहिनी लगेच म्हणते, "आनि मी?" तिचा टोप परत करायला आता मी बायकोला जाऊ देत नाही. ऐंशी पावलं असतात. मी मुद्दाम हळू चालतो.