पंगतीची आमटी आणि नाकातली नळी

डॉक्टर मॅडमनी रबरी हातोडी माझ्या गुडघ्याखाली मारली. पाय जागचा हलला नाही. दुसऱ्या पायावर मारली, तोही तसाच पडून राहिला. त्या आमच्या ह्यांच्याकडे वळून म्हणाल्या, "गुलेन-बारे सिंड्रोम वाटतोय. जीबीएस. आजच अ‍ॅडमिट करा."

"म्हंजी लकवा का?" ह्यांनी विचारलं.

"तसा दिसतो, पण लकवा नाही. मेंदूला काही झालेलं नाही. शरीराची रोगाशी लढणारी ताकद चुकून आपल्याच नसांवर उलटते. मग मेंदूचा निरोप हातापायांपर्यंत पोचत नाही. बहुतेक पेशंट बरे होतात. वेळ मात्र लागतो, आणि कमी व्हायच्या आधी आजार थोडा वाढतो."

मला त्यातलं फक्त शेवटचं ऐकू आलं.

सुरुवात अगदी साधी झाली होती. परतूरला घरी आधी जुलाब झाले, ते थांबले आणि मग तळपायांना मुंग्या येऊ लागल्या. एकदा दळण घेऊन येताना पायातली चप्पल रस्त्यात राहिली, ते मला घरी आल्यावर कळलं. मी हसले. शेजारच्या रजियाभाभींना सांगितलं, त्याही हसल्या. मग शिलाई मशीनवर पाय चालेना, उंबरा ओलांडता येईना. म्हणून सांगते, मुंग्या येऊन पायातली ताकद दिवसागणिक कमी होत असेल तर हसत बसू नका. मोठा दवाखाना गाठा.

जालन्याच्या दवाखान्यात दोन तपासण्या झाल्या. नर्व्ह कंडक्शन टेस्टमध्ये हातापायांना विजेचे बारीक झटके देऊन नस किती वेगाने काम करते ते बघतात. दुसरी पाठीच्या मणक्यातून सुईने काढलेल्या पाण्याची. ऐकून धडकी भरते, पण माझ्याकडून तरी सांगते, दाताच्या डॉक्टरपेक्षा बरी. मग इम्युनोग्लोब्युलिनचं औषध सलाईनमधून सुरू झालं. उलटलेल्या ताकदीला ते आवरतं.

मॅडम म्हणाल्या तसा आजार वाढलाच. हात गेले, आवाज नाकात बोलल्यासारखा झाला आणि एका सकाळी चहाचा घोट श्वासनलिकेत गेला. खोकून खोकून जीव कासावीस झाला. गिळायचे स्नायू कमजोर झाले होते. मॅडमनी नाकातून पोटात जाणारी राईल्स ट्यूब घातली. पातळ दूध, पातळ पेज, सगळं नळीतून. जिभेला कशाचा पत्ताच नाही. पायांचं मी सोसलं असतं, पण आयुष्यभर असंच नळीवर राहावं लागेल की काय, या विचाराने मी खचले. खाणारी बाई आहे मी. उगाच कशाला लपवू.

आमच्या ह्यांचं परतूरला मोटारपंप दुरुस्तीचं दुकान. ते बंद करून त्यांनी दवाखान्यामागे एक खोली घेतली. गॅसची एक शेगडी, फ्रीज नाही. दिवसभर ते माझ्यापाशी बसायचे. गुरुवारी आणि रविवारी रजियाभाभी सकाळच्या गाडीने यायच्या, माझ्याजवळ बसायच्या आणि तेवढ्या वेळात ह्यांनी पुढच्या दोन-तीन दिवसांचं रांधून ठेवायचं, असं ठरलं.

इथे अडचण अशी, की ह्यांना स्वयंपाक येतो, पण फक्त पंगतीचा. वाटूरला, आमच्या मूळ गावी, पंगतीची आमटी गडीमाणसंच ढवळतात आणि कढईपाशी हे पहिले. चारशे माणसांना मीठ किती हे बरोबर सांगतील. एका माणसाला किती, हे आजतागायत सांगता आलेलं नाही.

पहिल्याच गुरुवारी त्यांनी भाड्याचं भलंमोठं भगुणं आणून येसराची आमटी केली. येसर म्हणजे धान्य, डाळी आणि मसाला भाजून दळलेलं पीठ. उकळत्या पाण्यात कालवलं की आमटी तयार. आमच्याकडे याच्यासारखं स्वस्त आणि टिकाऊ दुसरं काही नाही. पण टिकतं ते कोरडं पीठ, केलेली आमटी नाही. जालन्याचा वैशाख तो. वॉर्डातल्या सगळ्यांच्या नातेवाइकांना वाटूनही उरलेली आमटी शनिवारी फसफसली.

रविवारी रजियाभाभींनी भगुण्यात डोकावून नाकाला पदर लावला. "भैया, ही बिलकुल गेली. येसर कोरडंच ठेवा ना. लागंल तसं जल्दी उकळायचं."

"मंग मी तीन दिवसांचं कशाला करून राह्यलो?" हे म्हणाले.

तेव्हापासून शिस्त लागली. दुधात मळलेल्या दशम्या, शेंगदाण्याची चटणी, भाजलेलं येसर, हे एकदमच करून ठेवायचं. आमटी तेवढी रोज ताजी. दशम्या भाभी परतीच्या गाडीआधी थापून द्यायच्या, कारण ह्यांच्या दशमीचा नकाशा व्हायचा.

रोज दुपारी हे व्हरांड्यात स्वतःचा आणि वॉर्डातल्या नातेवाइकांचे डबे भरायचे. माझ्या खाटेवरून दार दिसे. हिरव्या कडीचा एक छोटा डबा ते सगळ्यांत आधी भरत, माझ्या उशाशी आणून ठेवत आणि संध्याकाळी कुणालातरी देऊन टाकत. मी एकदा डोळ्यांच्या खुणेने विचारलं, कुणाचा? त्यांनी ऐकू न आल्यासारखं केलं.

मग हातांची बोटं हलू लागली, आवाज थोडा सुधारला. मॅडम म्हणाल्या, "उद्या गिळण्याची चाचणी घेऊ. पातळ पदार्थ झटकन श्वासनलिकेत जातो, घट्ट सावकाश उतरतो. घरून घट्ट काहीतरी आणा. बिनतिखटाचं. चमचा उपडा केला तरी पडायला नको."

दुसऱ्या दिवशी हे आमटी घेऊन आले. वाटीत तोंड दिसेल इतकी पातळ. पंगतीत शेवटच्या ओळीपर्यंत पुरायला हवी ना, हात तसाच बसलेला.

"काका, हे तर पाणीच आहे," मॅडम म्हणाल्या आणि चाचणी एक दिवस पुढे गेली. मी भिंतीकडे तोंड करून रडले. ह्यांच्याशी बोलले नाही. तसंही धड बोलता येत कुठे होतं.

पुढचा वार गुरुवार. भाभी शेगडीपाशी उभ्या राहिल्या आणि मुठीमुठीने येसर घालायला लावलं, असं नंतर कळलं. हे म्हणे सारखे कुरकुरत होते, "भाभी, आता ही आमटी न्हाई राह्यली."

मॅडमनी अर्धा चमचा माझ्या जिभेवर ठेवला. भाजलेल्या ज्वारीची चव लागली. मी हनुवटी खाली घेतली, जोर लावला आणि घास उतरला. "आता आ म्हणा." म्हटलं. आवाज कोरडा होता, म्हणजे घास श्वासनलिकेत न जाता बरोबर अन्ननलिकेत गेला होता. दुसरा चमचा, तिसरा. मॅडम हसल्या. "अजून दोन-तीन दिवस असंच जमलं तर नळी काढू."

त्या पुढच्या खाटेकडे गेल्या आणि माझं लक्ष आमटी आणलेल्या डब्याकडे गेलं. हिरव्या कडीचा.

"हा तुझाच हाय," भाभी म्हणाल्या. "पहिल्या दिवसापासून भैया भरून राह्यले. म्हणायचे, तिचा वाटा धरायलाच लागंल."

मला हुंदका आला आणि त्यातच ठसका लागला. मॅडम धावत परतल्या. साधा रडण्याचा ठसका आहे हे त्यांना पटवेपर्यंत पुरेवाट झाली.

नळी निघाली. पुढे फिजिओथेरपी, म्हणजे स्नायूंना पुन्हा कामाला लावणारा व्यायाम, घरी आल्यावर वॉकर, मग काठी. आता काठीही दाराआड असते. संध्याकाळी बोटं थकतात, म्हणून मीही आठवड्यातून दोनदाच मोठा स्वयंपाक करते. कुणाच्या घरी असं लांबलचक आजारपण आलं तर लाजू नका, असंच करा. रोज रांधण्यात जीव घालवू नका, तो पेशंटपाशी बसायला ठेवा. मॅडमचे उपकार आहेतच. पण मला माणसात परत आणलं ते कोरड्या येसराने आणि ते भाजणाऱ्यांनी.

परवा भोकरदनकडच्या एका घरून फोन आला. त्यांच्या सुनेला हाच आजार, जालन्यालाच ठेवलंय. ह्यांनी लगेच येसर भाजायला घेतलं, अर्थातच पंगतीच्या मापाने. मी म्हटलं, "आवं, ती नळीवर हाय. तिला गिळता येत न्हाई अजून."

ते फडताळातून हिरव्या कडीचा डबा काढून पुसत होते.

"मंग? तिचा वाटा धरायचा न्हाई का?"