जड पाय

माझा डावा पाय जड आहे, असं मी सहा महिने धरून चाललो होतो. कुणा ऐऱ्यागैऱ्यानं सांगितलं असतं तर त्यालाच चार शब्द सुनावले असते. पण ते अण्णांनी सांगितलं होतं.

अण्णा हळ्ळीखेडला आमच्या समोरच्या घरात राहतात. सारी हयात सरकारी बसवर ड्रायव्हरकी करून निवृत्त झाले. माझे वडील मी लहान असतानाच गेले, आणि सायकलपासून मोटारीपर्यंत चाकावर चालणारं सगळं मला अण्णांनीच शिकवलं. आई त्यांना दर वर्षी राखी बांधते. त्यांनी आपली जुनी पांढरी गाडी विकायला काढली तेव्हा मी दुसरी गाडी बघितलीसुद्धा नाही. किल्ली देताना त्यांनी ड्रायव्हरच्या पायाखाली कोरी रबरी मॅट टाकून दिली. केवढं मोठं मन, म्हणून मी ती मॅट आल्यागेल्याला दाखवत होतो. आता आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते.

पहिल्याच आठवड्यात गिअर कर्रकर्र ओरडायला लागला. क्लचचं पेडल कधी नीट लागायचं, कधी लोण्यात पाय घातल्यासारखं खाली जायचं. अण्णांना शेजारी बसवून एक फेरी मारली. ते म्हणाले, "गाडीला काय बी झालेलं न्हाई. तुझा पाय जड हाय. क्लचवरनं पाय काढीतच न्हाईस तू. हलका ठिव."

मी हलका ठेवायला लागलो. शाळेत मुलं गणितं सोडवत असली की मी टेबलाखाली डावा पाय अलगद उचलून, अलगद ठेवून बघायचो. दर रविवारी सकाळी अण्णा स्वतःहून यायचे, "पाणीबिणी बघतो" म्हणून बॉनेट उघडायचे, कधी डिकीत डोकं घालायचे. आई त्यांना तिथंच चहा नेऊन द्यायची. त्यानंतर चार दिवस गाडी सुतासारखी चालायची. मला वाटायचं, पाय सुधारतोय.

मग अण्णा महिनाभर आळंदला लेकीकडे राहायला गेले. त्याच महिन्यात मी आईला घेऊन खजुरीला मावशीकडे निघालो. वाटेत पुढची उसाची ट्रॉली एकदम थांबली. मी पाय दाबला, पेडल पार तळाला गेलं, पण क्लच सुटलाच नाही. ब्रेकबरोबर गाडी दोन हिसके देऊन बंद पडली आणि आईचं कपाळ समोर आपटलं. टेंगूळ चोळत ती म्हणाली, "अण्णा सांगतच हुते, पाय जड हाय म्हणून. आता तुझ्या गाडीत मी बसायची न्हाई." आणि खरंच ती पुढं बसनं गेली. एकुलत्या एक लेकाच्या गाडीत आई बसत नाही, हे मला फार लागलं. तिला पुन्हा त्या गाडीत बसवायचं, एवढंच तेव्हा डोक्यात होतं.

म्हणून मन्नाएखेळ्ळीच्या हायवेवरच्या एका मेकॅनिककडे गेलो. तो बोलायचा मराठीत, काम कानडीत करायचा आणि थट्टा दखनी उर्दूत. मी त्याला आधीच सांगून टाकलं, गाडी चांगली आहे, माझाच पाय जड आहे. तो म्हणाला, "सर, पाँव भारी तो औरतां का होता, पेट से रहे तो."

बॉनेट उघडून त्यानं क्लचच्या तेलाची डबी दाखवली. तळाला पळीभर तेल राहिलं होतं. हा क्लच तेलाच्या दाबावर चालतो. तेलात हवा शिरली की पेडल नुसती हवाच दाबतं, खालपर्यंत जोर पोचत नाही. त्यानं आपल्या बाटलीतलं होतं नव्हतं ते तेल डबीत घातलं आणि हवा काढायला खाली शिरला. मी सीटवर. तो "ओत्तु" म्हणाला की पेडल दाबायचं, "हिडी" म्हणाला की तसंच धरायचं. मग तो खालचा निपल सैल करणार, नळीतून बुडबुडे निघणार, निपल आवळून तो "बिडु" म्हणाला की पाय सोडायचा. दोनतीनदा छान जमलं. मग त्यानं बॅटरी दातात धरली, आणि त्या तोंडातून "ओत्तु" आलं ते "ओत" होऊन. कानडीत दाब, मराठीत ओत. मला वाटलं, डबीतलं तेल उतरलं असेल, ओतायला सांगतोय.

मी उतरलो. त्याची बाटली रिकामी होती. अण्णा जुने ड्रायव्हर, डिकीत काहीतरी ठेवलं असेल म्हणून मी पहिल्यांदाच स्टेपनी उचलली. खाली खाकी शर्टाची एक फाडलेली बाही, तिच्यात ब्रेक ऑइलच्या चार रिकाम्या बाटल्या आणि एक अर्धी. हेच तेल क्लचलाही लागतं. बाहीच्या कोपरावर ठिगळ होतं. अण्णांचे ड्यूटीचे शर्ट आईच शिवून द्यायची, ते ठिगळ तिनंच लावलेलं होतं. तिचा टाका मी अंधारातही ओळखेन.

मेकॅनिक बाहेर आला. "ओत्तु म्हणलो सर, तुमी उतरलाव कामून? हवा परत शिरली की आत." मग त्यानं माझ्या हातातलं बोचकं पाहिलं. त्यानं पायाखालची ती मॅट उचलली. पेडलखालचा रंग खरवडल्यासारखा निघून पत्रा उघडा पडला होता. "तेलानं खाल्लंय. एका दिवसाचं काम न्हाई हे. वरच्या सिलिंडरचं रबर कवाचंच गेलंय. ज्याची गाडी हुती त्याला ठावं हुतं."

रबर बदललं, पहिल्यापासून हवा काढली, पेडल कडक लागलं. मला मात्र ते रविवार दिसत होते. माझ्या दारात, माझ्या आईचा चहा पीत तो माणूस आपली लबाडी झाकत होता, आणि मी त्याला पायाची प्रगती सांगत होतो. गाडी खराब दिली याचा राग कमी होता. मला माझ्याच पायावर संशय घ्यायला लावला, याचा राग मावत नव्हता.

अण्णा परतले त्या दिवशी शाळेत जाता जाता मी ती बाही त्यांच्या मांडीवर ठेवली. त्यांनी ठिगळावरून अंगठा फिरवला. मग म्हणाले, "तू आपला हायस म्हणून तुला दिलो. परका असता तर दुसऱ्या दिशी गाडी माझ्या दारात आणून लावला असता."

मी म्हटलं, "बाकी काही नको. फक्त आईला सांगा, माझा पाय जड नव्हता."

"सांगतो," ते म्हणाले. मी बाही उचलून खिशात घातली.

संध्याकाळी घरी आलो तर आई नवं लुगडं नेसून गाडीत बसलेली, तेही पुढच्या सीटवर. म्हणाली, "चल, खजुरीला जाऊन येऊ. अण्णा येऊन गेले दुपारी."

"काय म्हणाले?"

"म्हणले, अक्का, आता बिनघोर बसा. त्याचा पाय हलका झालाय."

माझा हात खिशातल्या बाहीवर गेला. आई कपाळावरचा पदर सावरून समोरच्या रस्त्याकडे बघत होती, कितीतरी दिवसांनी निवांत. मी क्लच दाबला, गिअर आवाज न करता पडला. ती म्हणाली, "बघ, अण्णाचं ऐकलास की जमलं."