बिनखताची बांधी

माझा स्वभाव मुळातच तापट. शाळेत शिकवत होते तेव्हा पोरं मला घाबरायची. निवृत्त झाल्यावर घाबरायला कोणी उरलं नाही, म्हणून आता भांड्यांवर ओरडते. नवरा गेला, मुलगा बंगळुरूला. गोंदियाच्या बिरसी विमानतळाजवळ आमची धानाची शेती आहे. वर विमान चालवायला शिकणाऱ्यांची छोटी विमानं दिवसभर गोल फिरतात आणि उडाली तिथंच उतरतात. कुठं जायचंच नाही तर कायले उडता, असं मी त्यांना कितीदा तरी विचारलं आहे.

मागच्या वर्षी पेरणीआधी कृषीचे एक साहेब आले. नेपाळच्या तराईत आणि आपल्याकडे पाऊस सारखाच दगा देतो, ऐन लोंब्या निघायच्या वेळी. म्हणून दोन्ही देशांचे शास्त्रज्ञ मिळून एकच बियाणं इकडे आणि तिकडे लावून पाहणार होते. त्यासाठी बांध घातलेले शेताचे तुकडे, म्हणजे आमच्या भाषेत बांध्या, हव्या होत्या. मी लगेच हो म्हटलं. विज्ञानासाठी वगैरे नाही. कोणीतरी येईल-जाईल म्हणून.

आली ती तिकडची धानाची शास्त्रज्ञ, माझ्या मुलाच्या वयाची. रोवण्याच्या, म्हणजे भातलावणीच्या वेळी महिनाभर माझ्याकडेच राहिली. आम्ही हिंदीत बोलायचो. गोंदियात अर्धी भाजी हिंदीतच विकत घेतो, त्यामुळे काही अडलं नाही. मला ती ‘आमा’ म्हणायची, तिकडे आईला म्हणतात तसं. तिच्या गावी रोवणा सुरू झाला की बांधावर बसून दही-पोहे खातात, म्हणून तिला तेच हवे होते. मी फोडणीचे करून ठेवले होते. आम्ही दोन्ही खाल्ले. त्या दिवशी कित्येक महिन्यांनी माझ्याकडे दोन ताटं एकदम धुतली गेली.

जाताना तिनं मला पानाचा रंग ताडून पाहायची प्लास्टिकची पट्टी दिली. एका टोकाला फिका पिवळट रंग, दुसऱ्या टोकाला गर्द हिरवा. दर रविवारी प्रत्येक बांधीतलं पान पट्टीवर धरायचं आणि फोटो पाठवायचा. एका बांधीला मात्र खताचा कणही द्यायचा नाही. त्या बांधीशी ताडूनच बाकीच्यांचं कळणार होतं. “आमा, इसको भूखा रखना,” ती म्हणाली. “सब ठीक रहा तो कटाई में आऊँगी।”

त्या एका वाक्यावर मी पावसाळा काढला. रविवारी फोटो गेला की तिचा फोन यायचा. थोडं पट्टीचं बोलणं व्हायचं आणि मग बराच वेळ इकडचं तिकडचं. तिच्यासाठी मागची खोली चुना लावून घेतली, नवी मच्छरदाणी आणली.

बिनखताची बांधी पिवळी पडत गेली. आमच्याकडे धान पिवळा दिसला की घरात काहीतरी बिनसलं असं लोक धरून चालतात. जाणारे-येणारे धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या हद्दीच्या बांधावर, थांबून बघायचे. मी कोणाला काही सांगितलं नाही. जन्मभर शिकवलं, आता कोणाकोणाला समजावत बसू?

मग एका रविवारी जाऊन बघते तर तीच बांधी हिरवी. फोटो दाबून ठेवता आला असता, पण ते मला जमत नाही. पाठवला. संध्याकाळी फोन आला. “आमा, भूखीवाली को किसने खिला दिया?”

माझ्या मोठ्या जावेनं. शेजारची शेती तिची, आणि धुऱ्याच्या भांडणावरून आमचं बोलणं कित्येक वर्षं बंद. मी तरातरा तिच्या अंगणात जाऊन उभी राहिले.

“माझ्या बांधीत युरिया तुम्ही टाकला?”

ती तांदूळ पाखडत होती. हात न थांबवता म्हणाली, “हो, मीनंच टाकला. धान पिवळा पडून राहिला होता. तू एकटी. मनलं, बाईच्यानं होऊन नाई राहिलं. बोलनं तं बंद, मंग सांगू कशी?”

“तो मुद्दाम तसा ठेवला होता.”

“मुद्दाम? धानाले मुद्दाम उपाशी कोन ठेवते वं?”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तोंडाला येईल ते बोलले. यापुढे माझ्या बांधीत पाय टाकायचा नाही, माझा धान वाळो नाहीतर जळो, तुम्हाला काय करायचं आहे. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि सूप उचलून आत गेली.

साहेबांनी आमच्या बांध्या प्रयोगातून काढल्या. त्यांचाही इलाज नव्हता. त्या शास्त्रज्ञ पोरीचं येणं रद्द झालं. कापणी मजुरांकडून उरकली आणि मागच्या खोलीला कुलूप घातलं. फोन आधी महिन्यातून एकदा यायचा, मग सणावारी. तिला तिची कामं आहेत, ते मला कळतं. पण मला फार एकटं वाटतं, आणि ते लिहायची मला लाज वाटत नाही.

यंदा ती बांधी मी पुन्हा बिनखताची ठेवली. कोणी सांगितलं नव्हतं. तिकडे नेपाळात प्रयोग चालू आहे, म्हटलं आपलीही एक बांधी असू दे. दर रविवारी पट्टी घेऊन जाते, फोटो पाठवते. कधी अंगठ्याचं चिन्ह येतं, कधी तेही नाही.

काल गेले तर जाऊ पलीकडे निंदण करत होती. तिनं मान वर करून माझा पिवळा धान पाहिला. बराच वेळ पाहिला. मी पट्टी हातात धरून थांबले, म्हटलं आता काहीतरी बोलेल, निदान ‘काऊन वं असं?’ म्हणून खेकसेल तरी. ती खाली वाकली आणि आपलं तण काढू लागली.

मी पान पट्टीवर धरलं. पहिलाच रंग, फिका पिवळट. आठवडाभरात कोणी काही टाकलेलं नव्हतं. टाकणारही नाही. मीच तशी ताकीद दिली आहे.