पोटाला बांधलेलं मुसकं

बायको गेली आणि चुलीपुढं मी एकटा उरलो. स्वैपाकाचा मला लय कंटाळा. सकाळी ताकात सोयाबीनचं पीठ कालवून प्यायचो, की दुपारपर्यंत चिंता नाही. ही सवय ती असल्यापासूनची. ती सोयाबीन रात्रभर भिजवायची, पातेल्यात उकळायची, वाळवायची, भाजायची आणि मग गिरणीला धाडायची. मला वाटायचं, उग्र वास जावा म्हणून ही उठाठेव. तिनं केलेलं पीठ संपलं, तसं मी पोत्यातलं सोयाबीन निवडलं, उन्हात टाकलं आणि सरळ दळून आणलं.

थोड्या दिवसांत पोट फुगायला लागलं. खाल्लेलं अंगी लागेना, धोतर ढिलं झालं. मी घाबरलो. तिचंही असंच सुरू झालं होतं. पोट फुगतंय म्हणता म्हणता ती गेली. शेजारी म्हणायचे, बायकोच्या दुःखानं वाळला. मीही तसंच सांगायला लागलो, म्हणजे पुढचं कुणी विचारत नसे.

लेक सेलूला दिलेली, तिथंच शाळेत विज्ञान शिकवते. ती भेटायला आली, माझ्याकडं बघितलं आणि दुसऱ्या दिवशी मला परभणीला डॉक्टरकडं नेलं. बायकोच्या मागं मलाही उचल, असं मी देवाला चारचौघांत म्हणालो होतो. पण तिथं सोनोग्राफीला उताणा पडलो, पोटावर ते गार चिकट लावलं, तसं मी त्याच देवाचा धावा करायला लागलो. मला मरायचं नव्हतं. लाज वाटली, पण नव्हतं मरायचं.

पोटात गाठबीठ काही नाही, असं डॉक्टर म्हणाले. माझा विश्वास बसला नाही. बायकोलाही आधी पित्तच सांगितलं होतं, गाठ मागून निघाली.

घरी आल्यावर लेकीनं एकेक डबा उघडला. पिठाच्या डब्यापाशी थांबली, वास घेतला.

"आबा, हे उकळलेलं न्हाई."

"मला वासाचं काय वाटत न्हाई."

"वासाचं कोण बोलायलंय? रोज कच्चंच ढोसायलाव तुमी."

मग तिनं मला समजावलं. पोटात अन्न तोडणारे रस असतात. कच्च्या सोयाबीनमध्ये एक बारीक जिनस असतो, तो नेमका त्या रसाच्या तोंडावर जाऊन बसतो. खळ्यावर बैलानं धान्यात तोंड घालू नये म्हणून आपण मुसकं बांधतो, तसं. मुसकी मी जन्मभर विणली. तिनं विचारलं, वीण उसवली तर काय उरतं? मी म्हणालो, सुतळी. मग त्या सुतळीच्या गुंत्यानं बैलाचं तोंड बांधलं जाईल का? मी म्हणालो, कसं जाईल? त्या जिनसाचंही तसंच, ती म्हणाली. त्याचा सगळा जोर त्याच्या घडणीत. उकळलं की वीण सुटते आणि रस मोकळा होतो.

मी हुज्जत घातली, की उन्हात चांगलं तापलं होतं. ती म्हणाली, आतून पक्क्या गाठी असतात, उन्हाला त्या दाद देत नाहीत. भिजवून मनसोक्त उकळावंच लागतं.

मग जे विचारायचं होतं ते विचारलं.

"तुझ्या मायचं बी हेच होतं का?"

"न्हाई आबा. मायचं दुखणं वेगळं होतं. ते तुमच्या पोटात न्हाई."

तिनं ते पीठ उकिरड्यावर टाकलं आणि सेलूला गेली. दिवसागणिक पोट हलकं होत गेलं. एका दुपारी मला अशी भूक लागली की चूल पेटवून मीच भाकरी थापायला बसलो. वाकड्यातिकड्या तीन झाल्या. तेल-चटणीबरोबर तिन्ही खाल्ल्या आणि पोट हूं की चूं करीना. संध्याकाळी लेकीला फोन करून सांगितलं. एकदम तीन कशाला खाल्ल्या, बेतानं घ्या, म्हणून ती खवळली. बोलता बोलता तिचा आवाज फाटला. तीसुद्धा एवढे दिवस त्याच गाठीला भ्यालेली होती. मी फोन ठेवला नाही. तिचं रडणं सरेपर्यंत कानाला धरून बसलो.