पिवळा घोटा

परवा कपाट आवरताना आंबेहळदीचा वास आला आणि आयर्लंडमधल्या आमच्या ड्रोहेडाच्या घरी राहिलेला सतरा वर्षांचा अमेरिकन मुलगा आठवला. तिकडची फुटबॉल अकादमी सोडून तो इथल्या क्लबात आला होता आणि क्लबाने त्याची सोय आमच्याकडे केली होती. करार मिळणार की नाही हे ठरवणाऱ्या सामन्याच्या आदल्या संध्याकाळी त्याचा घोटा सुजला. "क्लबात कळलं तर खेळवणार नाहीत, आँटी." "कळतंय कशाला? सकाळपर्यंत उतरेल," म्हणत बायकोने आंबेहळदीचा गरम लेप लावला. सूज उतरली, पण साबणाने घासूनही पिवळा रंग जाईना. तो मोजे बदलत असताना प्रशिक्षकाला तो रंग दिसला, त्याने घोटा दाबून पाहिला, दुखणं ओळखलं आणि त्याला बाहेर बसवलं. करार गेला. तो परतला तेव्हा ती दारातच रडू लागली, "माझ्यामुळे झालं रे!" त्याने खुर्ची ओढली, तोच पाय पुढे केला आणि इथं शिकलेल्या आयरिश ढंगात म्हणाला, "इट्स ग्रँड, आँटी, काही बिघडलं नाही. अजून दुखतोय, पुन्हा लावा ना." नाक पुसत, हसत ती लेप कालवायला गेली. तिला जाऊन आता वर्ष होईल. तिच्या हातून कुणाचं नुकसान झालं असेल तर एवढंच, आणि तेही त्याने तिच्या मनावर राहू दिलं नाही.