उजवीकडून येणाऱ्याला आधी वाट

मला आजवर जेवढे धक्के बसले त्यांतले निम्मे माझ्या थोरल्या साडूंनी दिलेले आहेत, आणि उरलेले निम्मे मी त्यांच्या शेजारी बसून खाल्ले आहेत. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या मोठ्या बहिणीचा नवरा. मूळचे मालवणकडचे, वडील गिरणीत होते, हे मात्र मुलुंडला पस्तीस वर्षं मोटार ट्रेनिंग स्कूल चालवून बसले. मुलुंडपासून घाटकोपरपर्यंत आज जी माणसं स्टिअरिंगमागे ताठ बसून गाडी चालवताना दिसतात, ती बहुतेक यांच्या शिव्या खाऊन ताठ झालेली आहेत. मीही त्यांतलाच. लग्नानंतर त्यांनी मला शिकवलं, आणि त्या दीड महिन्यात मला सासुरवास म्हणजे काय हे कळलं. पण खरा धक्का हा नव्हे. खरा धक्का असा, की हा माणूस गेली आठ वर्षं मुलुंडच्या दोन खोल्यांत बसून परदेशात भाड्याची गाडी चालवायला जाणाऱ्या यच्चयावत लोकांना सल्ले देतो आहे, आणि त्यातली सात वर्षं त्याच्या पासपोर्टवर एक शिक्का नव्हता.

हे सुरू झालं ते त्यांच्या मुलीमुळे. एकुलती एक मुलगी, सगळे तिला ‘बाय’ म्हणतात. आठ वर्षांपूर्वी लग्न होऊन ती जर्मनीतल्या एका लहानशा गावात गेली. विमानतळावर आम्ही सगळे रडत होतो, आणि साडू तिला सांगत होते, “बाय, आम्ही येऊ तेव्हा घ्यायला यायचं नाही. टॅक्सी नाही, ट्रेन नाही. विमानतळावर गाडी घेईन आणि स्वतः चालवत तुझ्या दारात आणून उभी करीन.” पोरीने डोळे पुसत “नक्की ना बाबा?” असं विचारलं. एवढंच. पण साडूंना तेवढं पुरलं. तिथल्या नियमांचं पुस्तक त्यांनी बायकडून मागवलं, जर्मन येत नसताना चित्रांवरून पाठ केलं, आणि संगणकावर तिकडच्या रस्त्यांची दृश्यं लावून रोज जेवणानंतर दोन तास ते तिकडे गाडी चालवू लागले. माझी मेहुणी, म्हणजे आमच्या ताई, मला म्हणाल्या, “काल झोपायचं नाही का विचारलं, तर म्हणतात थांब, चौक येतोय.”

स्वतः जाईपर्यंत ज्ञान वाया जाऊ नये म्हणून ते दुसऱ्यांना वाटत सुटले. सोसायटीत कुणी स्वित्झर्लंडला निघालं, कुणाचा जावई अमेरिकेत गाडी घेणार असला, की त्याला साडूंच्या हॉलमध्ये हजेरी लावावीच लागे. आणि जो आपणहून येत नसे त्याच्याकडे साडू स्वतः जात. हॉलमध्ये चार खुर्च्या मांडलेल्या असत, दोन पुढे, दोन मागे. तिकडे स्टिअरिंग डावीकडे, म्हणून शिकाऊ माणूस डाव्या खुर्चीवर. हातात स्टिअरिंग म्हणून जेवणाचं स्टीलचं ताट, आणि उजव्या हाताला गिअर म्हणून पोळपाटाच्या जोडीचं लाटणं. एका चांगल्या साठीच्या निवृत्त मुख्याध्यापकांना मी त्या खुर्चीवर ताट फिरवताना पाहिलं, आणि साडू मागून ओरडत होते, “गुरुजी, डाव्या हाताने दार उघडलंत! गिअर उजवीकडे! मेलो असतो सगळे!” मागच्या खुर्च्यांवर गुरुजींच्या पत्नी आणि सूनबाई पट्टे म्हणून ओढण्या आडव्या बांधून बसल्या होत्या, आणि कुणालाही हसू येत नव्हतं, याने मी जास्त हादरलो.

बरं, सल्ला द्यायचा आणि स्वतः वागायचं नाही, असलं त्यांच्याकडे नाही. तिकडे झेब्रा पट्ट्यांवर पाय ठेवलेल्या माणसासाठी गाडी थांबवावीच लागते, म्हणून त्यांनी तो सराव इथे एल.बी.एस. रोडवर सुरू केला. एका आजोबांसाठी त्यांनी गाडी थांबवली आणि हात करून ‘या’ म्हटलं. आजोबा घाबरले. आपल्यासाठी गाडी थांबते यात काहीतरी काळंबेरं असणार, असं समजून ते मागे सरकले. साडू थांबलेले, आजोबा थांबलेले, आणि मागे भांडुपपर्यंत हॉर्न. शेवटी आजोबाच हात जोडून म्हणाले, “तुम्ही जावा ना बाबा, मला काय नाय करायचंय.” तिकडे हॉर्न वाजवणं असभ्य समजतात, म्हणून त्यांनी हॉर्नवर पांढरी चिकटपट्टी लावली, आणि मुलुंड ते साकीनाका एकदाही हॉर्न न वाजवता मला नेलं. मला त्या प्रवासात जेवढे देव आठवले तेवढे अजून एकाही पूजेत आठवलेले नाहीत. भाड्याची गाडी ताब्यात घेण्याआधी तिच्या प्रत्येक ओरखड्याचा फोटो काढून ठेवावा, नाहीतर परत देताना आपल्या गळ्यात मारतात, हा त्यांचा लाडका सल्ला. तो अंगवळणी पडावा म्हणून ते रिक्षात बसण्याआधी रिक्षाचे चारी बाजूंनी फोटो काढत. एक रिक्षावाला हबकून म्हणाला, “क्या हुआ साब, केस बनाताय क्या?” साडूंनी त्यालाही अर्धा तास समजावून सांगितलं. तो रिक्षावाला कुठल्या देशात जाणार होता, कोण जाणे.

पण सगळ्या सल्ल्यांचा राजा म्हणजे उजवीकडचा. जिथे पाटी नाही, सिग्नल नाही, अशा चौकात उजवीकडून येणाऱ्या गाडीला आधी जाऊ द्यायचं.

“म्हणजे आपला रस्ता मोठा असला तरी?” मी विचारलं.

“तरी.”

“आपण आधी पोचलो असलो तरी?”

“अरे, तू राजा असलास तरी! उजवीकडून सायकल आली तर राजाने थांबायचं.” आणि मग आवाज खाली आणून, “इथेच आपली माणसं मार खातात बघ. बाकी सगळं शिकतात, पण उजवीकडे बघत नाहीत.”

आणि ते परीक्षा घेत. शिकाऊ माणूस ताट फिरवत असताना ताई स्वयंपाकघरातून चहाचा ट्रे घेऊन उजव्या बाजूने अचानक येत. ताट थांबवून त्यांना वाट दिली तर ठीक, नाहीतर नापास. नापास करण्यात साडूंचा हात कुणी धरत नसे. ट्रेनिंग स्कूलच्या दिवसांत एका बड्या बिल्डरला त्यांनी तोंडावर सांगितलं होतं, “साहेब, तुमच्याकडे ड्रायव्हर ठेवायची ऐपत आहे, ठेवा. तुम्ही शिकू नका.” मला त्यांनी तीन वेळा नापास केलं होतं. साडूपणाची भीडभाड नाही.

गेल्या वर्षी बायचा फोन आला. सहावा महिना लागला होता, आणि तिला आई-बाबा हवे होते. चौघांनी जायचं ठरलं: ते दोघं बाळंतपणापर्यंत राहणार, आम्ही दोघं दहा दिवस फिरून परतणार. मग माझी धडगत राहिली नाही. दर रविवारी मला अंधेरीहून मुलुंडला बोलावून डाव्या खुर्चीवर बसवू लागले. मी म्हणायचो, “भाऊ, चालवणार तुम्ही, मला का पिळताय?” ते म्हणायचे, “राखीव गडी तयार असावा लागतो.” एरवी शिकवताना ते मागे उभे राहायचे. माझ्या वेळी मात्र माझ्या शेजारी, उजव्या खुर्चीवर बसायचे. साडू म्हणून मान देतात, अशी मी समजूत करून घेतली.

इंटरनॅशनल परमिटचा अर्ज द्यायला जायचं त्या सकाळी मी मुलुंडला गेलो. साडूंनी माझा अर्ज नीट भरून, फोटो चिकटवून तयार ठेवला होता.

“आणि तुमचा?”

“माझा नाही.”

“नाही म्हणजे?”

“लायसनची मुदत संपली. रिन्यू केलं नाही.”

पस्तीस वर्षं ज्याने मुलुंडला लायसन मिळवून दिलं, त्याच्याच खिशात लायसन नाही! मला आधी राग आला, मग भीती वाटली. साडूंनी डाव्या डोळ्यावर हात ठेवला आणि उजव्याने माझ्याकडे पाहिलं.

“असा तू मला अर्धा दिसतोस. काचबिंदू. बाजूचं सगळं गेलंय. ताईला थेंब माहीत आहेत, एवढं झालंय ते माहीत नाही.”

“अहो, पण लायसनच्या फॉर्मवर डॉक्टरची सही काय, तुमच्या ओळखीने—”

“तिघांनी देतो म्हटलं. एकाने तर घरी आणून देतो म्हटलं.” त्यांनी डोळ्यावरचा हात खाली घेतला. “अरे, उजवीकडून येणारा मला दिसतच नाही, तर मी त्याला वाट कशी देणार? डॉक्टर राहू दे, मीच माझी परीक्षा घेतली. डाव्या खुर्चीत बसलो, समोर बघत राहिलो. तुझी ताई चहा घेऊन पार खांद्याला टेकली तेव्हा मला कळलं. नापास.”

त्या दिवशी मला जे वाटलं ते नीट सांगता येणार नाही. आठ वर्षं या माणसाने एका वाक्यासाठी तयारी केली होती. आणि दोन महिने दर रविवारी तो आपल्या हाताने मला ती डावी खुर्ची देत होता, आणि मी कुरकुरत होतो.

“बायला सांगितलंय?”

“नाही. तिला वाटतंय मीच येतोय चालवत. तू बोलू नकोस हां. या दिवसांत तिला काळजी नको.”

फ्रँकफर्टला गाडी घेतली तेव्हा साडूंनी ओरखड्यांचे एवढे फोटो काढले, की काउंटरवरची बाई बाहेर येऊन बघू लागली. मग मी डावीकडे बसलो, ते उजवीकडे, आणि निघालो. पुढचे अडीच तास त्यांचा उजवा पाय पायाखालची चटई दाबत होता. ट्रेनिंगच्या गाडीत त्यांच्या बाजूला जास्तीचा ब्रेक असायचा, तो पायाला विसरता येत नव्हता. मध्येच, “खंय बघतंस रे मेल्या! आरशात बघ आरशात!” अशी मालवणी त्या गुळगुळीत रस्त्यावर घुमत होती. पण मी थक्क होत होतो ते वेगळ्याच गोष्टीने. त्यांनी सांगितलेलं एकेक तिथे खरोखर होतं. पेट्रोल पंपावर डिझेलची नळी काळी, दुकानासमोर गाडी लावताना काचेमागे ठेवायची ती, गाडी किती वाजता लावली ते दाखवणारी निळी चकती, पट्ट्यांवर निर्धास्त पाय टाकणारी म्हातारी. मुलुंडच्या हॉलमधून हा माणूस हा सगळा रस्ता आधीच येऊन पाहून गेला होता. फक्त आता तो दुसऱ्याच्या हातांनी चालत होता. बायच्या गावात शिरल्यावर बिनपाटीचा पहिला चौक आला, उजवीकडून एक लाल गाडी येताना मला दिसली, मी थांबलो. साडूंनी विचारलं, “का थांबलास?” मी म्हटलं, “उजवीकडून आहे एक.” चटई दाबणारा त्यांचा पाय मात्र तेव्हापासून हलला नाही.

बाय फाटकाशी उभी होती. गाडी थांबायच्या आत ती पोट सांभाळत भरभर आली, थेट डाव्या खिडकीशी, दोन्ही हात पसरून वाकली, आणि समोर मी.

“काका? तुम्ही?”

“आलो गं बाय,” साडू पलीकडून म्हणाले, आणि गडबडीने पट्टा सोडवू लागले. तो निघेना. बाय गाडीला पुढून वळसा घालून त्यांच्या बाजूला आली. साडूंनी मान वर केली, आणि परत माझ्याच खिडकीकडे पाहिलं.

“खंय गेली रे?” त्यांनी मला विचारलं.

ती त्यांच्या उजव्या खांद्याशी, उघड्या खिडकीत, वीतभर अंतरावर उभी होती.

मागे ताईंनी तोंडावर पदर धरला. बायने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा स्टिअरिंगकडे, आणि तिला सगळं कळलं. तिने खिडकीतून हात घालून बाबांच्या खांद्यावर ठेवला. साडू केवढ्याने दचकले! मग पूर्ण मान वळवून त्यांनी तिच्याकडे पाहिलं, पाहतच राहिले.

“उजवीकडून आलीस होय?” ते म्हणाले. “मग आधी वाट तुला.”

आणि त्यांनी दार उघडलं. ती हसली, आणि हसता हसता त्यांच्या गळ्यात पडून रडायला लागली. मी उगाचच गाडीचे दिवे लावून बंद केले.

नातू झाल्यावर साडू मुलुंडला परत आले. हॉलमधल्या खुर्च्या पुन्हा मांडल्या गेल्या. परवा मी गेलो तेव्हा तिसऱ्या मजल्यावरची एक मुलगी इटलीला निघाली होती आणि डाव्या खुर्चीवर ताट फिरवत होती. साडू आता कायम उजव्या खुर्चीवर बसतात. नेहमीप्रमाणे ताई चहाचा ट्रे घेऊन उजव्या बाजूने आल्या. मुलीने ताट थांबवलंच, पण शिवाय उजवा हात सोडून साडूंच्या खांद्याला हलकेच लावला आणि म्हणाली, “काका, जपून. तुमच्या बाजूने चहा येतोय.”

त्यावर साडू जे म्हणाले ते पहिल्याच दिवशी कुणाला सांगताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

“पास,” ते म्हणाले, आणि हाताने चाचपत कप उचलला.