ब्रह्मगिरीच्या धुक्यात मामलेदार

पौषात त्र्यंबकेश्वरी निवृत्तीनाथांची यात्रा भरते. तिला जायचे ठरले तेव्हा आमचे मेहुणे तात्यासाहेब यांना मामलेदारीवरून पेन्शनीत निघून सहा महिने झाले होते. पण ही गोष्ट त्यांनी अजून स्वतःलाच कळू दिली नव्हती. पुण्याच्या बिऱ्हाडी ते दहाच्या ठोक्याला कोट-पागोटे चढवून बैठकीत बसत, आणि मोलकरणीने रजा मागितली तर तिला अर्ज आणायला सांगत.

नाशिकहून सुटलेली मोटार टाळकऱ्यांनी आणि गाठोड्यांनी खच्चून भरली होती. तात्यासाहेबांनी ड्रायव्हरशेजारची जागा घेतली आणि अठरा मैल सगळ्यांना यात्रेचे मर्म सांगितले. ज्ञानेश्वरांचे हे थोरले बंधू. आईबापांबरोबर ब्रह्मगिरीला प्रदक्षिणा घालताना वाघ आडवा आला, सगळे पांगले, आणि वाट चुकलेले निवृत्तीनाथ एका गुहेत शिरले. तिथे त्यांना गहिनीनाथ हे गुरू भेटले.

"वाघ म्हणजे अहंकार, गुहा म्हणजे हृदय," तात्यासाहेब म्हणाले, "आणि निवृत्ती म्हणजे मीपण टाकणे."

पुढच्याच वळणावर त्यांनी मागच्या बाकावरच्या एका म्हाताऱ्याला, मामलेदारासमोर विडी ओढतो म्हणून, ती विझवायला लावली. माझी बहीण अक्का खिडकीबाहेर बघत राहिली.

कुशावर्ताच्या (स्नानाच्या कुंडाच्या) पाण्याने हाडे गोठली. समाधीपुढची रांग आपल्याला पाहून दुभंगेल अशी तात्यासाहेबांची अपेक्षा होती. ती दुभंगली नाही, तेव्हा दर्शन दुसऱ्या दिवसावर गेले, आणि एकादशीच्या सकाळी आधी ब्रह्मगिरीची प्रदक्षिणा करायची ठरली. वाटाड्या घ्या, असे अक्काने सुचवले. या मुलुखात तात्यासाहेबांनी एके काळी अंमल केला होता. इथल्या नकाशांवर आपल्या सह्या आहेत, असे त्यांनी तिला ऐकवले. अक्का धर्मशाळेत राहिली. आम्ही दोघे निघालो.

धुके असे दाट की हातातली काठी दिसेना. वाटेला दोन फाटे फुटले. यात्रेकरू डावीकडे गेले. तात्यासाहेब नकाशाप्रमाणे उजवीकडे. दोन तासांनी आम्ही करवंदीच्या जाळीत होतो, त्यांची काठी दरीत गेली होती, आणि पाय मुरगळून त्यांचा घोटा सुजला होता. टाळांचा आवाज केव्हाच बंद पडला होता. या रानात बिबटे आहेत हे आम्ही दोघेही जाणून होतो.

इतक्यात डोक्यावर मोळी घेतलेली एक बाई धुक्यातून पुढे आली. तिने पागोटे पाहिले, मोळी टाकली आणि पळत सुटली. सरकारी रानातले लाकूड नेणे हा गुन्हा, आणि अशा गुन्ह्यांना दंड ठोठावण्यात तात्यासाहेबांची हयात गेली होती.

"थांब, मी साहेब आहे," ते ओरडले. ती अधिकच जोरात पळाली.

बराच वेळ गेला. मग तात्यासाहेबांनी पागोटे काढून मांडीवर ठेवले आणि धुक्याकडे तोंड करून म्हणाले, "बाई, साहेब होतो. आता नाही."

जाळीमागून आवाज आला, "कामावरनं काढलं का?"

तात्यासाहेबांनी माझ्याकडे पाहिले. "तसेच समज," ते म्हणाले.

मग ती आली. वयाने चाळिशीची असेल. नोकरी गेलेल्या माणसाकडे पाहावे तसे तिने त्यांच्याकडे कळवळून पाहिले, पोरेबाळे किती, आता खाता काय, असे सगळे विचारून घेतले आणि कनवटीची नागलीची (नाचणीची) भाकर पुढे केली. एकादशीला नागली चालते का, हे सांगायला तिथे शास्त्री नव्हता. आम्ही खाल्ली. मग मोळीतले एक सरळ लाकूड काढून तिने तात्यासाहेबांच्या हातात दिले आणि मोळी डोक्यावर घेऊन पुढे चालू लागली.

गाव दिसू लागले तशी ती थांबली. "खाली गार्ड हाय. माझं नाव काढू नगा," म्हणाली आणि मोळीसकट जाळीत शिरली.

पायथ्याशी जंगलखात्याच्या गार्डाने तात्यासाहेबांना ओळखून सलाम ठोकला. वर कोणी मोळीवाली दिसली का, असे त्याने विचारले. तीस वर्षांत तात्यासाहेबांनी सरकारपासून काही लपवले नव्हते. त्यांनी त्या लाकडावर दोन्ही हात टेकले.

"धुके होते," ते म्हणाले. "आम्हांलाच आम्ही दिसत नव्हतो."

गार्डाने लाकडाकडे पाहिले आणि वाट सोडली.

त्या दिवशी तात्यासाहेब लंगडत समाधीच्या रांगेच्या शेवटी उभे राहिले. चार तास लागले. त्यांनी कोणालाही कशाचा अर्थ सांगितला नाही.

परतीच्या मोटारीत अक्का त्यांच्या घोट्याला लेप लावत होती. सगळी हकीकत ऐकून तिने एवढेच विचारले, "तिचे नाव काय?"

नाव काढू नका, असे तिने बजावले होते आणि आम्ही ते तंतोतंत पाळले होते. पण ते नाव आम्हांला ठाऊकच नव्हते. निवृत्तीनाथांना वाट दाखवणाऱ्याचे नाव शतकानुशतके लोकांच्या तोंडी आहे. आम्ही मात्र तिची भाकर खाल्ली, तिच्यामागून डोंगर उतरलो, आणि तिला एकही प्रश्न विचारला नव्हता.